हवामानाचे साधे गणित आधी शिकवा: सातारा-सांगलीच्या विज्ञान-प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांत भौतिकशास्त्र, भूगोल आणि पर्यावरणशास्त्र शिकवणारे प्राध्यापक

विषय: हवामानबदल शिकवताना गुंतागुंतीच्या प्रारूपांच्या निष्कर्षांआधी साध्या प्रारूपांना स्थान देण्याबाबत

सन्माननीय प्राध्यापक बंधू-भगिनींनो,

हवामानबदलाचा विषय आता पदवीच्या जवळजवळ प्रत्येक शाखेत पोहोचला आहे, पर्यावरणाचा अभ्यासक्रम सर्वांनाच सक्तीचा आहे, आणि प्रकल्प करायची वेळ आली की आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थी स्वाभाविकपणे आपल्याच तालुक्याचे भविष्य हाती घेतात. साताऱ्यात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला शिक्षक म्हणून असे प्रकल्प अजूनही माझ्याकडे वाचायला येत असतात. त्यांतील बहुतेकांत इंटरनेटवरून उतरवलेला २०५० किंवा २१०० सालचा रंगीत नकाशा असतो, त्याखाली तापमान इतके वाढेल आणि पाऊस तितका बदलेल असे दशांश चिन्हासह दिलेले आकडे असतात, आणि हा आकडा याहून दुप्पट किंवा निम्मा का नाही असे विचारले तर ‘मॉडेलने तसे सांगितले’ एवढेच उत्तर मिळते. मुले कष्टाळू असतात आणि नकाशेही खोटे नसतात. तरीही विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्याने एखाद्या निष्कर्षापुढे असे हात जोडून उभे राहावे, हे मला मनापासून खटकते.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की गुंतागुंतीच्या प्रारूपांचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या हवामान-मॉडेलांचे, नकाशे विद्यार्थ्याच्या हाती देण्यापूर्वी आपण त्याच्याकडून पृथ्वीच्या हवामानाचे एक साधे प्रारूप कागदावर आणि मग संगणकाच्या स्प्रेडशीटमध्ये करून घ्यावे, आणि त्याने पुढे वापरलेला प्रत्येक नकाशा त्या साध्या हिशोबाशी ताडून पाहावा, अशी अट प्रकल्पाला घालावी. या विनंतीमागची कारणे जरा विस्ताराने मांडतो.

आधी आपल्या भूमीकडे पाहू. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पसरणीचा घाट उतरून वाईला आले, की अवघ्या पंचवीस-तीस किलोमीटरांत हे प्रमाण हजाराच्या आत येते, आणि महाबळेश्वरपासून सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या दहिवडीला ते पाचशेच्या आसपास राहते. सांगली जिल्ह्यातही शिराळा तालुक्यातील चांदोलीचा पाऊस आणि जतचा पाऊस यांत अशीच दरी आहे. आता, संपूर्ण जगाचे हवामान शंभर वर्षे पुढे नेऊन पाहणारी प्रारूपे वातावरणाचे जे चौकोन पाडतात, त्यांतील एका चौकोनाची बाजू साधारणपणे शंभर किलोमीटरची असते. म्हणजे कोयनेच्या पाणलोटातील नवजा आणि माण तालुक्याचा दुष्काळी पट्टा जवळपास एकाच चौकोनात येतात, आणि सह्याद्रीचा तो सरळसोट कडा, ज्याच्यामुळे हा सारा फरक पडतो, त्या प्रारूपात एका लांबट, बुटक्या उंचवट्याइतकाच उरतो. नंतर सांख्यिकी पद्धतीने हे नकाशे बारीक केले जातात खरे, परंतु तालुक्यातालुक्यांतील जो रंगभेद आपल्याला दिसतो, तो प्रामुख्याने मागील नोंदींतील पावसाच्या वाटपातून आलेला असतो. भविष्यातील बदलाची माहिती मूळच्या मोठ्या चौकोनाचीच असते. विद्यार्थी मात्र खटावसाठी वेगळा आणि पाटणसाठी वेगळा अंदाज मिळाला असे समजतो. प्रादेशिक प्रारूपे याहून पुष्कळच बारीक असतात, पण त्यांनाही सीमेवरची हवा जागतिक प्रारूपाकडूनच घ्यावी लागते, त्यामुळे तेथील चूक त्यांच्यातही उतरते.

साधे प्रारूप म्हणजे नेमके काय, हे आपल्या गावांतून समजावणे सोपे आहे. माण-खटाव, आटपाडी आणि जत भागांतील अनेक गावांत आता चावडीच्या भिंतीवर पाण्याचा ताळेबंद लिहिलेला असतो: पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, पिकांना किती लागेल आणि तूट किती राहील. गावच्या प्रत्येक ओढ्याचा आणि प्रत्येक विहिरीचा तपशील त्यात नसतो, तरीही उसाखालचे क्षेत्र वाढवावे की नाही, हे त्यावरून ठरवता येते. पृथ्वीच्या ऊर्जेचा ताळेबंद नेमका असाच मांडता येतो.

सूर्याकडून पृथ्वीच्या कक्षेत दर चौरस मीटरला सुमारे १३६१ वॅट ऊर्जा येते. गोल पृथ्वीच्या सर्व पृष्ठभागावर वाटली तर ती ३४० वॅट होते, आणि त्यातील ३० टक्के ढग, बर्फ व वाळवंटे परत पाठवतात, म्हणून २३८ वॅट शिल्लक राहतात. तेवढीच ऊर्जा पृथ्वीने बाहेर टाकली पाहिजे, हे एकदा मान्य केले की स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम, जो आपण बारावीपासून शिकवत आलो आहोत, सरळ उत्तर देतो: २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस. पृथ्वीचे प्रत्यक्ष सरासरी तापमान अधिक १५ अंशांच्या जवळ आहे. मधले ३३ अंश वातावरणाच्या पांघरुणाचे आहेत, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने काढले, की हरितगृह परिणाम ही त्याच्यासाठी पाठ करायची व्याख्या राहत नाही.

पुढची पायरी मला याहूनही मोलाची वाटते, कारण तेथे प्रारूप चुकते. सूर्यप्रकाश संपूर्ण आत येऊ देणारा आणि जमिनीची उष्णता संपूर्ण शोषून घेणारा वातावरणाचा एकच थर मानला, तर जमिनीचे तापमान ३०३ केल्विन, म्हणजे ३० अंश येते. हे पंधरा अंशांनी जास्त झाले. हे पंधरा अंश का वाढले, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. उष्णतेचा काही भाग थरातून थेट निसटतो, काही सूर्यप्रकाश वाटेतच शोषला जातो, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तापलेली हवा व बाष्प जमिनीची उष्णता वर वाहून नेतात, हे विद्यार्थी थोड्या चर्चेनंतर स्वतःच सांगू लागतात. हवामानशास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे यांनी १९६० च्या दशकात हीच उणीव भरून काढली. त्यांनी हवेचा एकच उभा स्तंभ घेतला, त्यात किरणोत्सर्गाबरोबर हवेच्या वर जाण्याचा परिणाम मिळवला, आणि रिचर्ड वेदरॉल्ड यांच्यासह १९६७ मध्ये दाखवून दिले, की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास जमिनीजवळ सुमारे २.३ अंशांची वाढ होईल आणि त्याच वेळी वरचे स्थितांबर (स्ट्रॅटोस्फिअर) थंड होईल. त्या स्तंभात समुद्र नव्हते, खंड नव्हते, मान्सून नव्हता. तरीही खालचा थर तापतो आणि वरचा थंड होतो, ही त्या गणिताने आधीच वर्तवलेली खूण पुढे उपग्रहांनी आणि फुग्यांनी मोजली. सूर्य अधिक तापल्यामुळे ही वाढ होत असती, तर दोन्ही थर तापले असते. २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांत मानाबे होते आणि क्लाउस हासेलमान होते. हासेलमान यांनीही १९७६ मध्ये एका अगदी साध्या समीकरणाने दाखवले होते, की रोजच्या हवेतील धावपळ समुद्रात साठत जाऊन वर्षानुवर्षांचे चढउतार कसे निर्माण होतात.

कार्बन डायऑक्साइडचा जादा भार, म्हणजे त्याने अडवून धरलेली जादा ऊर्जा, काढण्याचे सूत्र तर एका ओळीचे आहे. आजच्या आणि औद्योगिक काळापूर्वीच्या प्रमाणांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन त्याला ५.३५ ने गुणायचे. पूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत २८० भाग होते, २०१५ च्या सुमारास ४०० झाले, म्हणजे भार दर चौरस मीटरला १.९ वॅट. दुप्पट वायूला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास, अंतिमतः ३ अंश हे आजचे सर्वमान्य मूल्य धरले, आणि समुद्र सध्या काही उष्णता पोटात घेत आहे याची दर अंशामागे सुमारे ०.७ वॅटची सवलत दिली, तर तापमानवाढ साधारण १ अंश येते. २०११ ते २०२० या दशकाची मोजलेली वाढ १.१ अंश आहे. हे आकडे जुळले म्हणून विद्यार्थ्याची पाठ थोपटताना त्याला हेही सांगायला हवे, की मिथेन आणि इतर वायूंची भर व धूलिकणांची सावली यांची परस्परांशी काही अंशी वजावट होते, म्हणून केवळ कार्बन डायऑक्साइडचा हिशोब इतका जवळ पोहोचतो. जुळणी कशामुळे झाली, हे तपासण्याची सवय जुळणीपेक्षा अधिक महत्त्वाची आहे.

साधी प्रारूपे केवळ शिकवण्यापुरती आहेत आणि खरे संशोधन महासंगणकावरच होते, असा समज आपल्या महाविद्यालयांत बराच पसरलेला दिसतो. इतिहास वेगळे सांगतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये कागद-पेन्सिलीने केलेल्या हिशोबात दुप्पट वायूला पाच-सहा अंशांची वाढ येत होती, जी आजच्या मानाने जास्त असली तरी दिशा आणि साधारण आकारमान दोन्ही बरोबर होते. १९३८ मध्ये गाय कॅलेंडर या वाफेच्या तंत्रावर काम करणाऱ्या ब्रिटिश अभियंत्याने नोकरी सांभाळून जगभरच्या तापमानाच्या नोंदी गोळा केल्या आणि वाढ खरोखर होत आहे, तिचा संबंध कोळशाशी आहे, हे मांडले. १९७९ मध्ये ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दुप्पट वायूला दीड ते साडेचार अंश असा पल्ला दिला, आणि त्यानंतर चार दशके जगभरात अगणित तास महासंगणक चालवून, प्राचीन हवामानाचे पुरावे आणि उपग्रहांची निरीक्षणे तपासून २०२१ मध्ये आयपीसीसीने, म्हणजे हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, तो अडीच ते चार अंश असा अरुंद केला, मध्यबिंदू मात्र ३ अंशांवरच राहिला. १९७० ते २००७ या काळात प्रसिद्ध झालेल्या १७ अंदाजांची अलीकडे एका संशोधक गटाने पडताळणी केली, तेव्हा प्रत्यक्ष उत्सर्जन गृहीत धरलेल्यापेक्षा किती वेगळे झाले याचा हिशोब केल्यावर १४ अंदाज निरीक्षणांशी सुसंगत ठरले, आणि त्यांतील सुरुवातीचे कित्येक अंदाज ऊर्जेच्या साध्या ताळेबंदावरचेच होते.

आजही हे काम थांबलेले नाही. सर्वांत नव्या पिढीच्या गुंतागुंतीच्या प्रारूपांपैकी काहींनी दुप्पट वायूला पाच अंशांहून अधिक वाढ दाखवली, तेव्हा सगळ्यांची सरळ सरासरी काढणे चूक ठरले असते. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालात निरीक्षणांशी जुळवून घेतलेल्या साध्या प्रारूपांचा उपयोग करून तापमानाचे अंदाज ठरवण्यात आले, आणि उत्सर्जन कमी करण्याच्या बाराशेहून अधिक संभाव्य मार्गांचे तापमान मोजण्याचे काम मॅजिक आणि फेअर यांसारख्या साध्या प्रारूपांनी केले. बाराशे मार्ग, आणि प्रत्येक मार्गासाठी शेकडो वेगवेगळ्या शक्यता, एवढे हिशोब कोणताही महासंगणक पूर्ण प्रारूपासह करू शकणार नाही. पॅरिस करारातील दीड अंशांसाठी किती कार्बन शिल्लक आहे, ही चर्चा ज्या आकड्यांवर चालते, ते अशा प्रारूपांशिवाय मिळालेच नसते.

आता दुसरी बाजू तेवढ्याच गंभीरपणे मांडली पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा अर्थ गुंतागुंतीची प्रारूपे नकोत असा कोणी घेतला तर ते घातक होईल. वर वर्णन केलेल्या एकाही साध्या प्रारूपात मान्सून नाही. अरबी समुद्रावरून येणारे वारे, तिबेटचे पठार, प्रशांत महासागरातील एल निनो, हिंदी महासागराच्या पूर्व-पश्चिम तापमानातील फरक, गंगेच्या खोऱ्यावरचे धुरके, या सर्वांचा परस्परांवर होणारा परिणाम मांडायला चौकोनांत विभागलेली पृथ्वीच लागते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील मोसमी पाऊस कमी का झाला, याचे उत्तर शोधताना धूलिकणांचा वाटा मोठा असल्याचे दिसले ते पूर्ण प्रारूपांतूनच. वाढत्या बाष्पाच्या साध्या हिशोबाने तर पाऊस वाढायला हवा होता. आपल्या शेजारी, पुण्यात, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले पृथ्वी-प्रणाली प्रारूप जगभरच्या हवामान-प्रारूपांच्या तुलनेच्या सहाव्या फेरीत सहभागी झालेले भारतातील पहिले प्रारूप आहे, आणि त्याच संस्थेत घडलेली सहा किलोमीटर चौकोनांची अंदाज-प्रणाली २०२५ पासून हवामान विभागाच्या वापरात आली आहे. विद्यार्थ्यांना सहलीला नेण्यासाठी याहून चांगली जागा मला सुचत नाही. परंतु तेथे जाणारा विद्यार्थी प्रश्न घेऊन गेला पाहिजे.

साध्या प्रारूपाने फसवल्याची उदाहरणेही विद्यार्थ्यांसमोर ठेवावीत, आणि ती लपवण्याचे काहीच कारण नाही. १९६९ मध्ये मिखाईल बुडिको आणि विल्यम सेलर्स यांनी स्वतंत्रपणे बर्फाच्या परावर्तनाचा समावेश असलेली प्रारूपे मांडली, तेव्हा सूर्याची ऊर्जा अवघी दीड-दोन टक्क्यांनी घटली तरी सारी पृथ्वी गोठेल असे दिसले; नंतरच्या कामाने ही सीमा बरीच दूर असल्याचे दाखवले. याहून आपल्या जिव्हाळ्याचे उदाहरण मान्सूनचे आहे. २००५ ते २००९ च्या दरम्यान काही संशोधकांनी मान्सूनची अतिशय आटोपशीर समीकरणे मांडून असा निष्कर्ष काढला, की एका मर्यादेपलीकडे मान्सून अचानक कोसळू शकतो. भारतासाठी याहून भयावह वाक्य कोणते असणार? २०१६ मध्ये विल्यम बूस आणि ट्रूडे स्टोरेल्व्हमो यांनी दाखवले, की त्या समीकरणांत वर जाणारी हवा प्रसरण पावून थंड होते, ही एक मूलभूत गोष्टच राहून गेली होती. ती घातली की आकस्मिक कोसळणे नाहीसे होते आणि मान्सून बदलत्या परिस्थितीला बराचसा प्रमाणबद्ध प्रतिसाद देतो. पूर्ण प्रारूपांतही तसेच आढळले. मला या प्रसंगात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते असे, की चूक सापडली, कारण संपूर्ण प्रारूप एका पानावर मावत होते आणि कोणते पद नाही हे वाचणाऱ्याला दिसू शकत होते. लाखो ओळींच्या संगणकीय प्रणालीत अशीच चूक असेल, तर ती वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येणार नाही.

साधे प्रारूप आणि केवळ आकडेजुळणी यांतील भेदही येथेच स्पष्ट करावा. १९८८ पासून हवामान विभाग डॉ. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या सोळा निकषांच्या सांख्यिकी प्रारूपाने मान्सूनचा अंदाज देत असे, आणि सलग अनेक वर्षे देशात सर्वसाधारण पाऊस होत गेल्याने त्यावरचा विश्वास दृढ झाला. २००२ मध्ये अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता आणि पाऊस ८१ टक्के झाला. जुलैत तर सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला. पुढच्या वर्षी पद्धत बदलण्यात आली. त्या काळी उपलब्ध साधनांतून केलेला तो प्रामाणिक आणि मोठा प्रयत्न होता, आणि त्या वर्षीचा दुष्काळ परदेशांतील गतिकीय, म्हणजे हवेच्या हालचालीची समीकरणे सोडवणाऱ्या, प्रारूपांनाही दिसला नव्हता, हे सांगणे न्यायाचे होईल. पण मागील वर्षांचे संबंध पुढेही तसेच राहतील, हे गृहीतक ज्यावर उभे असते, ते प्रारूप कितीही आटोपशीर असले तरी ऊर्जेच्या आणि वस्तुमानाच्या जमाखर्चावर उभ्या असलेल्या प्रारूपाच्या पंक्तीला बसत नाही. पहिल्यात गुणांक का आहे हे सांगता येत नाही, दुसऱ्यात सांगता येते. आज यंत्रशिक्षणाचा (मशीन लर्निंगचा) गवगवा आहे आणि आपले विद्यार्थी त्याकडे ओढले जात आहेत, त्यामुळे हा भेद पूर्वीपेक्षा अधिक आवश्यक झाला आहे.

या सगळ्याचा आपल्या नद्यांशी आणि ओढ्यांशी काय संबंध, असे विचारले जाईल. दोन उदाहरणे देतो. तापमान एका अंशाने वाढले तर हवेची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हा क्लॉसियस-क्लॅपेरॉनचा नियम. मात्र जगाचा एकूण सरासरी पाऊस एका अंशामागे एक ते तीन टक्केच वाढतो, कारण पाऊस पडताना मोकळी होणारी उष्णता वातावरणाला अवकाशात टाकता आली पाहिजे आणि ती क्षमता तितक्या वेगाने वाढत नाही. साध्या भौतिकशास्त्रातून निघालेले हे दोन आकडे शेजारी ठेवले, की मुसळधार पाऊस एकूण पावसापेक्षा वेगाने का वाढतो आणि मधले कोरडे खंड का लांबतात, हे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या महापुराचे खापर केवळ हवामानबदलावर फोडणे जितके चूक, तितकेच धरणांतील विसर्ग, पूररेषेतील बांधकामे आणि अलमट्टी एवढ्यांपुरतेच बोलणेही अपुरे आहे, आणि आकड्यांशिवाय चालणारा हा वाद आपण सर्वांनीच ऐकला आहे. १०५ टीएमसीच्या कोयना धरणाच्या वर, पाणलोटात, तीन दिवसांचा पाऊस दहा टक्क्यांनी वाढला तर येणाऱ्या पाण्यात किती भर पडेल, याचा ढोबळ हिशोब विद्यार्थी एका दुपारी करू शकतो. तो हिशोब धरणाचे परिचालन ठरवण्यासाठी पुरेसा नाही, त्यासाठी जलसंपदा विभागाकडे असलेली सविस्तर प्रारूपेच हवीत, पण सार्वजनिक चर्चेत कोणता दावा शक्य कोटीतला आहे, हे ओळखायला पुरेसा आहे.

दुसरे उदाहरण पूर्वेकडच्या तालुक्यांचे. जेथे पाऊस पाचशे मिलिमीटर आहे आणि हवेची बाष्पीभवनाची मागणी दीड हजारांहून अधिक आहे, तेथे पडलेले बहुतेक पाणी हवेतच परत जाते. पाऊस आणि ही मागणी या दोनच राशींवर बेतलेले, बुडिको यांच्याच नावाने ओळखले जाणारे एक सूत्र आहे. ते सांगते, की अशा प्रदेशात पाऊस दहा टक्क्यांनी घटला तर ओढ्यातून वाहणारे पाणी वीस ते तीस टक्क्यांनी घटू शकते, उलट महाबळेश्वरच्या बाजूला तीच घट दहा टक्क्यांच्या थोडीच पुढे जाते. टेंभू आणि म्हैसाळ उपसा सिंचन योजनांचे पाणी जेथे पोहोचले आहे तेथे आणि जेथे अजून पोहोचलेले नाही तेथे, दोन्हीकडे हा फरक नियोजनाच्या मुळाशी आहे. भूगोलाच्या विद्यार्थ्याने कृषी विभागाच्या महसूल मंडळनिहाय पर्जन्य नोंदी घेऊन हे सूत्र आपल्या मंडळाला लावून पाहिले, तर त्याचा प्रकल्प त्या रंगीत नकाशापेक्षा कितीतरी अधिक त्याचा स्वतःचा होईल.

यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही आणि वेगळा निधीही लागत नाही. भौतिकशास्त्र विभागाने ऊर्जेचा ताळेबंद आणि समुद्राचा एक थर एवढेच घ्यावे: सत्तर मीटर खोल पाण्याची उष्णताधारकता काढून हवामानाला प्रतिसाद द्यायला सात-आठ वर्षे का लागतात, हे विद्यार्थी स्प्रेडशीटच्या दोन स्तंभांत पाहू शकतो, आणि मग १९९१ च्या पिनाटुबो ज्वालामुखीचा तात्पुरता थंडावा त्यातच घालून बघू शकतो. भूगोल विभागाने जलसंतुलन घ्यावे. पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पात नकाशा वापरायचा असेल तर चौकोनाचा आकार, प्रारूपांची संख्या आणि त्यांच्यातील मतभेदाचा पल्ला लिहिणे सक्तीचे करावे, आणि त्याखाली विद्यार्थ्याच्या स्वतःच्या साध्या हिशोबातून आलेला आकडा लिहायला सांगावे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर गुण कमी करू नयेत. का जुळले नाहीत, याचा शोध घेणारी दोन पाने त्याने लिहिली, तर त्यालाच सर्वाधिक गुण द्यावेत, कारण सह्याद्रीच्या पायथ्याशी ते बहुधा जुळणार नाहीतच.

परीक्षेच्या प्रश्नांबाबतही एक सूचना आहे. ‘हवामान प्रारूपाचे फायदे-तोटे लिहा’ या प्रश्नाचे उत्तर पाठ करता येते. त्याऐवजी परावर्तन ३० वरून २९ टक्के झाले तर पृथ्वीचे तापमान किती बदलेल, असे विचारावे. उत्तर एक अंशाच्या आतबाहेर येते, आणि ढगांतील किरकोळ वाटणारा बदल किती मोठा असतो व ढगांच्याच बाबतीत जगातील सर्वोत्तम प्रारूपे एकमेकांशी सर्वाधिक का भांडतात, हे त्या एका गणितातून विद्यार्थ्याला उमजते.

आपल्यावर अध्यापनाखेरीज मूल्यांकनाच्या, अहवालांच्या आणि प्रवेशांच्या कामांचा किती बोजा आहे, याची मला जाणीव आहे, म्हणून वर सुचवलेल्या गणितांची टिपणे आणि स्प्रेडशीट मी मराठीत तयार करून ठेवली आहे. ज्या विभागाला हवी असतील त्याने ती घ्यावीत, त्यांत दुरुस्त्या कराव्यात, आपल्या तालुक्याचे आकडे घालावेत. जूनमध्ये नवे सत्र सुरू होईल तेव्हा, पाऊस मोजण्याचा हंगाम चालू असतानाच, पहिल्या महिन्यात हे दोन-तीन तास ठेवता आले तर विद्यार्थ्यांना आपल्याच मंडळाच्या ताज्या नोंदींवर काम करता येईल. कऱ्हाडपासून जतपर्यंत कोणत्याही महाविद्यालयाने बोलावले तर मी आनंदाने येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक
सातारा